साहेबांची सनद आणि माझं पावतीबुक

मी वकील नाही. चौतीस वर्षं अलिबागला वकिलाचा कारकून होतो. आज साहेबांचं काम जिल्हा न्यायालयात, उद्या मुरूडला, परवा रोह्याला. कुणाची नक्कल मिळाली, कुणाचं समन्स न बजावता परत आलं, कुणाच्या वकालतनाम्यावर स्टँप लावायचा राहिला, हे सगळं माझ्या डायरीत असायचं. साहेब आता हयात नाहीत. त्यांचं नाव लिहीत नाही. गावातल्या जुन्या माणसांना कळायचं ते कळेलच. १९९०च्या दशकात त्यांची सनद सहा महिन्यांसाठी निलंबित झाली होती. त्यातली निम्मी चूक माझी होती. ते मी कुठल्याच समितीपुढे सांगितलं नाही, कारण कारकुनाला कुणी विचारत नाही.

आता अलिबागेत ॲड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली पोरं कधीमधी माझ्या ओटीवर येऊन बसतात. कलमं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. पावतीबुक कसं ठेवायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय.

१. पैसे आले त्याच दिवशी पक्षकाराला कळवा

थळ-वायशेतच्या खत प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, त्यांच्या वाढीव मोबदल्याचे दावे पुढे कित्येक वर्षं चालले. आमच्याकडे त्या भागातल्या एक मावशी होत्या. नवरा वारलेला, मुलगा लहान, सही यायची नाही, अंगठा. कोर्टात सारखं यायला नको म्हणून त्यांनी साहेबांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. निकाल त्यांच्या बाजूने लागला. वाढीव रक्कम आली दोन लाख शहाऐंशी हजार, आणि ती साहेबांच्या खात्यात जमा झाली.

साहेब चोर नव्हते, हे मी आजही म्हणतो. त्याच महिन्यात त्यांच्या भावाचं मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. मी खतावणी उघडून म्हटलं, "साहेब, मावशींच्या नावे जमा धरू ना?" ते म्हणाले, "राहू दे, नंतर लिहू. तिची फी पण बाकीच आहे." मी वही मिटली.

मावशी एस.टी.ने यायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरखालच्या बाकावर बसायच्या. पहिल्या तीन खेपांना आमच्यासाठी वालाच्या शेंगा आणल्या. चौथ्या खेपेपासून पिशवी रिकामी. "साहेब, पैशे आले का नाय?" यावर मी काय सांगायचो? "साहेब कोर्टात आहेत." ते खोटं नव्हतं. साहेब खरोखरच कोर्टात असायचे. अशा अर्ध्या खऱ्या उत्तरांवर आम्ही आठ महिने काढले.

सनद गेल्यावर मी बार कौन्सिलच्या, म्हणजे वकील परिषदेच्या, नियमांचं पुस्तक आणून वाचलं. आधी वाचायला हवं होतं. त्यात सगळं सरळ लिहिलंय. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवायचा. आलेली रक्कम खर्चासाठी आली की फीसाठी, ते नोंदवायचं. पक्षकाराच्या वतीने रक्कम हाती आली की शक्य तितक्या लवकर त्याला कळवायचं. त्याने मागितली तर हिशेबाची प्रत द्यायची. आणि आमच्या मानेवर बसलेला नियम: हाती असलेला पक्षकाराचा पैसा वकिलाने कर्जात बदलायचा नाही. साहेब ज्याला मनातल्या मनात 'उसने' म्हणत होते, त्याला नियमांत जागाच नव्हती. काम संपल्यावर ठरलेली फी वळती करता येते. पण त्यासाठी आधी दोन रकाने लागतात, जमा आणि खर्च. आमच्या वहीत त्या पानावर दोन्ही कोरे होते.

२. सनद 'गेली' म्हणजे नेमकं काय झालं, ते विचारा

गावात कुणाला ताकीद मिळाली तरी लोक 'सनद गेली' म्हणतात आणि कुणाचं नाव कायमचं कमी झालं तरी 'सनद गेली' म्हणतात. १९६१च्या वकील कायद्याच्या ३५व्या कलमात चार वाटा आहेत. तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, ठरावीक मुदतीसाठी वकिली बंद करणं, आणि राज्याच्या पटावरून नाव काढून टाकणं. तिसऱ्या वाटेला गेलेला माणूस वकील राहतो, पण तेवढ्या मुदतीत देशातल्या कुठल्याही कोर्टात, कुठल्याही अधिकाऱ्यापुढे उभा राहू शकत नाही. आमच्याकडे एकाने विचारलं होतं, "अलिबागला बंदी असेल, पण पेणला चालेल ना?" चालत नाही. तहसीलदारापुढे कुळकायद्याच्या कामालासुद्धा चालत नाही.

दुसरा गैरसमज असा, की न्यायाधीश चिडले की सनद काढून घेतात. चिडतात, तेवढंच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अवमानाच्या प्रकरणात विनयचंद्र मिश्रा यांची वकिली तीन वर्षांसाठी बंद केली होती. गंमत म्हणजे हे मिश्रा त्या वेळी भारतीय वकील परिषदेचे अध्यक्ष होते, म्हणजे इतरांच्या सनदा तपासणाऱ्या संस्थेचे प्रमुख. १९९८ साली त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येणार नाही. तो अधिकार वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीचा. आमचे साहेब हा निकाल तोंडपाठ म्हणून दाखवायचे. तोवर त्यांची स्वतःची सहा महिन्यांची मुदत संपून गेली होती.

३. तक्रार मागे घेतली म्हणून सुटका होत नाही

मावशींचा भाचा कारखान्यात लागलेला होता, चार बुकं शिकलेला. त्याने तक्रार टाइप करून घेतली, मावशींचा अंगठा घेतला आणि मुंबईला महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे धाडली. रजिस्टर पोस्टाने नोटीस आली ती मीच सही करून घेतली. पाकिटावरचा शिक्का बघून मला वाटलं, वकील कल्याण निधीचं काहीतरी असेल.

साहेबांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्याकडे पावतीबुक मागितलं. त्या बुकात मावशींच्या नावाची एकच पावती होती, सहा वर्षांपूर्वीची, पाचशे रुपयांची, खर्चापोटी.

मग धावपळ. साहेबांनी बायकोचे दागिने गहाण टाकले, पैसे उभे केले, भाच्याला बोलावून व्याजासकट रक्कम चुकती केली. मावशींकडून लिहूनही घेतलं, की माझी काही तक्रार उरलेली नाही. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. दिवाणी कोर्टात पुरसीस दिली की दावा मिटतो. चौतीस वर्षांत मी शेकडो पुरसिसा दिल्या असतील. हेही तसंच, असं धरून चाललो.

ते तसं नसतं. परिषदेच्या नियमांत स्पष्ट आहे, की तक्रारदाराने तक्रार मागे घेतली, तडजोड केली किंवा त्याला पुढे चालवायची इच्छा नाही, एवढ्याच कारणावरून शिस्तभंगाची चौकशी बंद करायची नाही. हा झगडा मावशी आणि साहेब यांच्यातला राहिलेलाच नव्हता. वकील म्हणून तुम्ही पटावर राहण्याच्या लायकीचे आहात का, हा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर मावशींच्या अंगठ्याने मिळणार नव्हतं.

सुनावणीला मीही बरोबर गेलो, बाडं उचलायला. पावसाळ्याचे दिवस, मांडव्याची लाँच बंद, म्हणून पहाटेची एस.टी. वडखळच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे अडकलो. ज्या माणसाने हयातभर वडखळच्या गर्दीला शिव्या घातल्या, तो त्या दिवशी खिडकीबाहेर बघत गप्प बसून होता. मला वाटतं, गाडी तिथेच दिवसभर अडकली असती तरी त्यांना चाललं असतं.

समिती तिघांची असते. दोघं परिषदेचे निवडून आलेले सभासद, तिसरा बाहेरचा, अनुभवी वकील. समोर बसलेले तिघेही काळ्या कोटातले. साक्षीदाराला बोलावणं, शपथेवर विचारणं, कागद मागवणं, हे सगळे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना असतात. मावशीही आल्या होत्या, भाच्याबरोबर. व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "भाऊ, जेवलास का?" मी मान खाली घातली.

साहेबांनी पाऊण तास युक्तिवाद केला. भावाचं आजारपण, तीस वर्षांची निष्कलंक वकिली, पैसे परत, व्याज परत. तिघांपैकी जे सर्वांत म्हातारे होते त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पैसे कुठल्या तारखेला आले? यांना कुठल्या तारखेला सांगितलंत? पहिली तारीख साहेबांनी सांगितली. दुसरीसाठी त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत कुठलीही तारीख मला विचारली आणि मी सांगितली नाही, असं तेवढं एकदाच झालं.

एका वर्षाच्या आत निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर प्रकरण दिल्लीला भारतीय वकील परिषदेकडे जातं. आमचं अकराव्या महिन्यात संपलं. सहा महिने निलंबन. साठ दिवसांत दिल्लीच्या परिषदेकडे अपील करता येत होतं, तिथे हरलं तर पुन्हा साठ दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात. साहेब म्हणाले, "अपील नको. त्या दोन तारखा दिल्लीला गेल्या तरी त्याच राहणार."

४. टक्क्यांवर केस घेऊ नका, पक्षकाराने पाय धरले तरी

उरण-पनवेलच्या पट्ट्यात जमिनी गेल्या, बंदर आलं, नवी मुंबई उभी राहिली. तिथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील होते, पण त्यांनी मोबदल्याची लढाई रस्त्यावरसुद्धा लढली. १९८४ साली जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची गोष्ट पुढे सरकली. शेतकऱ्याच्या तोंडी 'टक्का' हा शब्द असा आला. मग तोच शेतकरी वकिलाकडे येऊन म्हणायचा, "साहेब, आता हातात काय नाय. येतील त्यातले दहा टक्के तुमचे."

ऐकायला किती न्याय्य वाटतं! गरिबाला फी परवडत नाही, जिंकला तर देईल. अमेरिकेत वकील असं उघडपणे करतात, हेही एका ज्युनिअरने मला ऐकवलं होतं. आपल्याकडे निकालाच्या फळावर फी ठरवायला किंवा त्यात वाटा घ्यायला मनाई आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका वकिलाचं प्रकरण गेलं. वसुलीतला निम्मा हिस्सा आपला, असा लेखी करार त्यांनी पक्षकाराशी केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो गैरवर्तनच मानला. निकालात त्यांचं नाव छापलेलं नाही, नुसतं एक अक्षर आहे, 'जी'. सत्तर वर्षं ते अक्षर कायद्याच्या पुस्तकांत उभं आहे.

मला या नियमाबद्दल थोडी शंका आहे, हेही सांगून टाकतो. ज्यांच्या हातात खरंच काही नसतं, त्यांना मोफत कायदे सहाय्य आहे म्हणतात; पण मोबदल्याच्या दाव्याला दहा वर्षं मन लावून चालवणारा वकील तिथे मिळेलच असं नाही. तरी टक्केवारीची दुसरी बाजूही मी पाहिली. वकिलाचा वाटा ठरला, की तडजोड कधी करायची हे पक्षकार ठरवेनासा होतो.

५. फी बाकी असली तरी कागद अडवू नका

वकील बदलायचा म्हणून पक्षकार 'ना हरकत' मागायला आला, की ऑफिसात वातावरण बदलतं. "आधी हिशेब पुरा कर, मग फाइल ने." हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलंय! मला वाटायचं हा आमचा हक्कच.

भोपाळच्या एका वकिलाने असंच एका सहकारी बँकेच्या खटल्यांच्या फायली फीपोटी धरून ठेवल्या. अठरा महिने निलंबन झालं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ताकिदीवर आणली, कारण तोवर हा मुद्दा पुरता स्पष्ट झालेला नव्हता. पण त्यांनी निक्षून सांगितलं, की फीसाठी पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा कसलाही ताबाहक्क नाही. फी हवी तर दावा लावा.

रायगडात हा प्रश्न नुसता फीचा नाही. चरी-कोपरच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवली, खोतांशी झगडले. पुढे खोती गेली, कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ला कसेल तो मालक झाला. पण कसत होतो हे दाखवायचं कशाने? खंडाच्या पावतीने, पीकपाहणीच्या उताऱ्याने, एखाद्या जीर्ण कबुलायतीने. आजोबांच्या ट्रंकेतून निघालेला तो एकच कागद असतो आणि तो वकिलाच्या कपाटात पडलेला असतो. नवगावकडच्या एका म्हाताऱ्याचा असा कागद आमच्या कपाटात चार वर्षं होता, साडेसातशे रुपये बाकीपोटी. सनदेचं प्रकरण झाल्यानंतर मी तो स्वतः त्याच्या घरी नेऊन दिला. म्हातारा नव्हता. सुनेने कागद घेतला, देवाऱ्यावर ठेवला आणि मला पाणीही विचारलं नाही.

६. पक्षकाराच्या वाडीवर डोळा ठेवू नका

किहीम, आवास, सासवणे, मांडवा. इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्यांना एके काळी कुणी विचारत नव्हतं. आता २०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईची मोटार तासाभरात दारात येते आणि गुंठ्याचे भाव ऐकून तलाठ्यालाही घाम फुटतो. यात वकिलाचं काम वाढलं. तीस वर्षांचा शोध, पेपरात जाहीर नोटीस, टायटलचा दाखला. आणि हे करताना कुणाचा सातबारा कुठे अडलाय, कुठली बहीण हक्कसोड द्यायला तयार नाही, कुणाला पोरीच्या लग्नासाठी पैशाची निकड आहे, हे सगळ्यांत आधी वकिलाला कळतं. त्यानंतर त्याच्या कारकुनाला.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वकिलाचं एक वर्षाचं निलंबन कायम केलं. त्याने आपल्याच पक्षकाराकडून वादातली मिळकत विकत घेतली होती. खरेदीखत झालं होतं, कागदोपत्री व्यवहार पुरा होता. पण मिळकतीवरच्या वादाची खडान्‌खडा माहिती असलेला वकील पक्षकाराशी बरोबरीच्या नात्याने सौदा करूच शकत नाही, असं त्या निकालाचं म्हणणं. ज्या कामात आपण वकील आहोत त्यातली मिळकत कोर्टाच्या लिलावात घ्यायलाही नियमाने मनाई आहे.

मलाही एकदा एकाने नागावात चार गुंठे 'स्वस्तात' देऊ केले होते. बायको अजून त्यावरून बोलते.

७. चुकीच्या सल्ल्याने सनद जात नाही, वाईट सल्ल्याने जाते

पुण्याला दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काम करणाऱ्या दोन वकिलांना राज्य परिषदेने चार आणि दोन महिने निलंबित केलं होतं. त्यातल्या खांडेकरांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. खांडेकर खटला म्हणतात त्याला. कायदा चुकून वेगळा वाचला, प्रामाणिकपणे वाटलं ते सांगितलं, तर तो दोष असेल, गैरवर्तन नव्हे. जाणूनबुजून वाकडा रस्ता दाखवला तर गैरवर्तन. तरुण वकिलांनी हे वाचून थोडं निर्धास्त व्हावं. केस हरल्याबद्दल कुणाची सनद जात असती तर अलिबागेत एकही वकील उरला नसता. ग्राहक मंचाची भीतीही आता नाही; २०२४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं. म्हणजे पक्षकाराच्या हातात आता मुख्यतः परिषदेकडची तक्रार हीच एक काठी उरली.

८. तारीख मागताना बाहेर कोण बसलंय ते बघा

साक्षीदार श्रीवर्धनचा. पहाटे पाचची एस.टी. पकडून, दिवसाची मजुरी सोडून आलेला. साहेब मला खुणावायचे, मी अर्ज पुढे करायचो: 'साहेबांची प्रकृती बरी नाही, तारीख मिळावी.' साहेब तेव्हा बार रूममध्ये चहा पीत असायचे. साक्षीदार तीनदा आला की चौथ्यांदा येत नाही, हे गणित अलिबागेतच काय, सगळीकडच्या फौजदारी कोर्टांत चालतं.

पुण्याच्या एका खटल्यातल्या साक्षीदाराने हे मुकाट सोसलं नाही. वकिलांनी खोटी कारणं देऊन वारंवार तारखा घेतल्या, आपल्याला हेलपाटे घालायला लावले, अशी तक्रार त्याने राज्य परिषदेकडे केली. परिषदेने ती दखल घेण्याजोगी मानली नाही. माणूस चिवट, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली न्यायालयाने तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवली आणि म्हटलं, की साक्षीदार हजर असताना पुरेशा कारणाशिवाय तारीख मागणं हे गैरवर्तन ठरू शकतं. तक्रारदार त्या वकिलांचा पक्षकारही नव्हता, हे ध्यानात घ्या. आमच्या खोट्या अर्जांपायी उपाशी परत गेलेल्या त्या सगळ्या माणसांपैकी एकानेही तक्रार केली नाही, हे आमचं नशीब.

९. गिऱ्हाईक ओढू नका, कोट मिरवू नका

मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालायचे, एकमेकांच्या हातातले कागद ओढायचे. राज्य परिषदेने त्यांना तीन वर्षं घरी बसवलं. दिल्लीच्या परिषदेने सोडलं. राज्य परिषद स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. १९७५चा दाभोळकर खटला तो. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिल्लीच्या परिषदेने नियमाचा लावलेला नरम अर्थ फेटाळला. कोटाचंही तसंच. बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचा नाही. एस.टी. कर्मचाऱ्यांच्या आंदोलनात याच वेशात वावरल्याच्या तक्रारीवरून गुणरत्न सदावर्ते यांची सनद राज्य परिषदेने २०२३च्या मार्चमध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केली, तेव्हा आमच्या अलिबाग डेपोतले ओळखीचे कंडक्टर मला विचारत होते, "कोटावरून पण जाते होय?"

१०. निलंबनाचे दिवस कारकुनालाही मोजावे लागतात

आदेश आला त्या दिवशी साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला. दारावरच्या पाटीवर मी जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. चालू कामं मित्रवकिलांकडे दिली, प्रत्येक पक्षकाराकडून नवा वकालतनामा करून घेतला. साहेबांचा एक ज्युनिअर म्हणाला, "मी उभा राहतो, तुम्ही मागून सांगा." साहेबांनी त्याला हाकललं. अधिकार नसताना वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हे त्यांना माहीत होतं.

ते वाडीत सुपाऱ्या सोलत बसायचे. एक दिवस मला म्हणाले, "गांधींचंही नाव इनर टेंपलने १९२२ साली काढलं होतं. सावरकरांना ग्रेज इनने बॅरिस्टरीची सनदच दिली नाही." मी काही बोललो नाही. गांधींचं नाव १९८८ साली पुन्हा पटावर घेतलं, हेही मला ठाऊक होतं. पण त्यांच्या प्रकरणात कुठल्या मावशी बाकावर बसलेल्या नव्हत्या. साहेबांनाच ते जाणवलं असावं. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "ती उदाहरणं आपल्या कामाची नाहीत."

सहा महिने संपले. पाटीवरचा कागद पाण्याने भिजवून काढला तरी एका कोपऱ्यात जुन्या बातमीची शाई उमटून राहिली. पटावर साहेबांच्या नावापुढे शिक्षेची नोंद झाली ती कायमचीच. पक्षकार निम्मे परत आले.

दीड वर्षाने मावशी आल्या. बरोबर शेजारीण होती, तिच्या वारसनोंदीच्या कामासाठी. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं; त्या तिकडे गेल्या नाहीत. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसल्या, कनवटीच्या पुरचुंडीतून शंभराच्या तीन नोटा काढल्या, माझ्यासमोर ठेवल्या, पण बोट नोटांवरून उचललं नाही.

"लिव," म्हणाल्या.

मी पावतीबुक उघडलं, कार्बन नीट बसवला आणि तारीख टाकली.